गुरूने दूर धाडिलेला शिष्य

नाथमहाराजांचे आईबाप लहानपणीच गेले. पैठणास आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढविले. तो नातू बालवयातच देवगिरीस जनार्दनस्वामींकडे निघून गेला. हिशेबातल्या एका पैच्या चुकीसाठी त्याने रात्र जागविली, ती कथा आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. पण खरी परीक्षा पुढेच झाली.

तीर्थयात्रा करून नाथ पैठणास आले, तेव्हा म्हाताऱ्या आजोबांनी स्वामींचे पत्र पुढे केले. आज्ञा होती पैठणातच राहून संसार करण्याची. जीव सगळा गुरुचरणांशी! तरी पत्र वाचले त्याच जागी नाथ थांबले, असे परंपरा सांगते.

गिरिजाबाईंसह प्रपंच केला. शके १४९५ (सन १५७३) मध्ये काशीस एकादश स्कंधावरील मराठी टीका पुरी केली, शके १५०६ (सन १५८४) मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. एवढा अधिकार, पण अभंगाच्या मुद्रेत आपल्या नावाशेजारी स्वामींचे नाव. देह ठेविला तोही गुरूंच्याच तिथीस, फाल्गुन वद्य षष्ठीला.

बापहो, गुरूजवळ बसणारे पुष्कळ. दूर धाडिल्यावरही जो गुरूचाच राहतो, त्यालाच आम्ही शिष्य म्हणतो.