पंडिता रमाबाईंचे घरचे शिक्षण

आमच्या ठाणे, कल्याण व डोंबिवलीकडील ख्रिस्ती कुटुंबांत एक विचार अधूनमधून निघत असतो. घरात तीन-चार मुले. एक मांडीवर, एक अक्षरे गिरवणारे, एक परीक्षेच्या तोंडाशी आलेले. वडील पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणार, ते दिवेलागणीनंतर परतणार. अशा घरी मुलांस शाळेत न घालता आईबापांनीच शिकवावे काय, आणि शिकवले तर ते साधेल काय, असा तो विचार आहे. त्याविषयी वाद घालण्यापेक्षा एका घराची हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस बरे वाटते. हे घर पंडिता रमाबाईंच्या आईबापांचे. बाई पुढे ख्रिस्ती झाल्या, तरी त्या आपल्या रोमन कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, आणि त्यांचे आईबाप तर अखेरपर्यंत कर्मठ हिंदू होते, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. परंतु घरीच शिकून विद्वत्तेस चढलेल्या मराठी स्त्रीचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

बाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशी अध्ययन करीत. हे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकवण्यास जात असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक निघू शकतात, ही गोष्ट शिष्याच्या मनात कायमची ठसली. आपल्या पहिल्या पत्नीस शिकवण्याचा त्यांनी यत्न केला, पण घरच्या वडीलधाऱ्यांनी तो चालू दिला नाही. ती निवर्तल्यावर तीर्थयात्रेत गोदावरीच्या तीरी त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या, व शास्त्रीबोवा चाळिशी ओलांडलेले. आज हे वाचताना आम्हांस संकोच होतो. मात्र त्या बालिकेस त्यांनी विद्या दिली, हेही खरे. त्यावरून गहजब झाला आणि धर्मपंडितांच्या सभेपुढे त्यांस जाब द्यावा लागला. त्यांनी तो शास्त्राधारे दिला. पुढे ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे आश्रम करून राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

सहा अपत्यांपैकी तीन जगली : कृष्णाबाई, श्रीनिवास आणि सर्वांत धाकट्या रमाबाई. आदरातिथ्याच्या खर्चाने आश्रम मोडला, आणि रमाबाई सहा महिन्यांच्या असताना त्यांस वेताच्या पेटाऱ्यात घालून कुटुंब यात्रेस निघाले. त्यानंतर या घरास घरच नव्हते. देवळाच्या ओवरीत वा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते फळे, धान्य, पैसा ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. जी ओवरी उपजीविकेची, तीच मुलांची पाठशाळा झाली. वडील मुलांना शास्त्रीबोवांनी स्वतः पढवले. रमाबाई आठ वर्षांच्या होईतो ते वृद्ध झाले होते, म्हणून धाकटीचे शिक्षण आईकडे आले.

लक्ष्मीबाईंच्या अंगावर संसाराचा भार होताच. दिवसा वेळ सापडेना, म्हणून त्यांनी पहाटेचा प्रहर निवडला. झोपेत असलेल्या मुलीस त्या गोंजारून उठवीत आणि उजाडण्यापूर्वीच पाठ घेत. पुस्तकाचे कामच नसे. आईने म्हणावे, मुलीने मागून म्हणावे. दिवसा तीच वचने वडिलांच्या, भावाच्या, बहिणीच्या मुखातून पुराण चालू असता पुन्हा कानांवर पडत. निरनिराळ्या वयाच्या मुलांना एकत्र कसे शिकवावे, या प्रश्नाचा उलगडा या घराने असा केला. वडील भावंडाचा सराव तो धाकट्याचा पहिला परिचय, आणि धाकट्याचा पाठ घेणे ही आईची उजळणी. पंधरा वर्षांच्या वयापर्यंत हा क्रम चालला, व व्याकरण, कोश आणि भागवताचा फार मोठा भाग रमाबाईंस मुखोद्गत झाला.

येथवरची हकीकत ऐकून घरच्या शाळेचा उत्साह वाढावा, हे स्वाभाविक आहे. पण बाईंनीच पुढे लिहून ठेवलेली दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. आईबापांनी मुलांना बाहेरच्या जगापासून जपून दूर ठेवले होते. प्रापंचिक शिक्षण दिले तर मुले संसारात गुंततील व धर्मास मुकतील, ही त्यांची भीती. त्यामुळे पोट भरण्याची एकही विद्या मुलांस आली नाही, आणि मोलमजुरी करण्यास कुळाचा व पांडित्याचा अभिमान आड आला. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा याचे फळ दिसले. दागिने, वस्त्रे, भांडीकुंडी विकून संपली. अकरा दिवस रानातील पाला, पाणी व मूठभर रानखजूर यांवर काढले. १८७४ साली शास्त्रीबोवा गेले व थोड्याच आठवड्यांत लक्ष्मीबाईही गेल्या. तिरडीला खांदे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन त्या मातेस श्मशानापर्यंत घेऊन गेल्या. कृष्णाबाईही पुढे पटकीने वारल्या.

उरलेली भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास मृत्यू पावले. त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ साली वैधव्य आले. पदरी कन्या मनोरमा. नंतर पुणे, हंटर कमिशनपुढील साक्ष, इंग्लंडास प्रयाण, व २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाने बाप्तिस्मा.

आपल्या एका संतिणीच्या घरचाही येथे उल्लेख करतो, कारण तिची प्रतिमा आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आहे. बाल येशूची संत तेरेजा हिची आई १८७७ साली निवर्तली. त्यानंतर लिज्यू येथे थोरली बहीण पॉलिन हिने तिला घरीच शिकवले. १८८१ साली ती भगिनींच्या शाळेत गेली, तेव्हा अभ्यासात पुढे असल्याने तिला मोठ्या मुलींत बसवण्यात आले, आणि त्या संगतीत ती फार कष्टी झाली. घरचा पाठ उत्तम झाला होता. चार परक्या मुलींत वावरण्याची सवय मात्र झाली नव्हती.

रमाबाईंनी आपल्या मनोरमेस घरी ठेवले नाही. इंग्लंडातील व पुढे अमेरिकेतील शाळांत पाठवले. आईच्या पाठाचे ऋण त्या जन्मभर मानीत आल्या, तरी हा निर्णय त्यांनी केला, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले. ते पुढे पुण्यास गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा त्यांनी आणल्या आणि केडगाव येथे मुक्ती सदन वसवले. आपल्या कल्याणहून कर्जतच्या बाजूने घाट चढून पुण्यापलीकडे दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे केडगाव आहे. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळपास गेली. अक्षरओळख व प्रार्थना तेथे होतीच, पण प्रत्येक मुलीस एखादे हातचे काम आलेच पाहिजे, असा बाईंचा कटाक्ष होता. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गाईगुरे, शेती, कपडे धुणे, छापखाना यांतून मुली आपापले काम शिकत. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचण्याची लिपी मनोरमेने शिकवली.

उत्तरायुष्यात बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ साली मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच बाईंचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्या छापखान्याचे काम शिकलेल्या मुलींपैकी कित्येकींना दुष्काळातून आणले तेव्हा अक्षरही वाचता येत नव्हते.