पाणतीर उचलणारे विमान

टॉर्पेडोला मराठीत पाणतीर म्हणतात. तो पाण्याखालून धावतो, जहाजावर आदळतो आणि फुटतो. असा जड पाणतीर विमानाला उचलता येईल का? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा प्रश्न अनेकांपुढे होता. तो सोडवणाऱ्यांपैकी एक होते इंग्लंडचे होरेस शॉर्ट.

होरेस यांचा जन्म १८७२ साली झाला. लहानपणी त्यांना मेंदूचा आजार झाला आणि त्यांचे डोके नेहमीपेक्षा मोठे झाले. पण या आजाराने त्यांची बुद्धी मंदावली नाही. तरुणपणी ते देशोदेशी फिरले. मेक्सिकोत त्यांनी चांदीच्या खाणीचा कारभार पाहिला. नंतर त्यांनी आवाज मोठा करणारे एक यंत्र तयार केले. १९०० साली त्या यंत्राचा आवाज पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून लोकांना ऐकवण्यात आला.

त्यांचे धाकटे भाऊ युस्टेस आणि ऑस्वाल्ड आकाशात उडणारे मोठे फुगे बनवत. १९०५ साली त्यांना हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यासाठी तीन फुगे बनवण्याचे काम मिळाले. पुढे विमानांचे युग आले. १९०८ साली तिघा भावांनी मिळून कंपनी काढली. राइट बंधूंनी त्यांना सहा विमाने बनवण्यास सांगितले. पण त्यांच्याकडे विमानाचे पूर्ण नकाशे नव्हते. होरेस यांनी विमानाचा एकेक भाग मोजला आणि सगळे नकाशे स्वतः काढले.

२८ जुलै १९१४ रोजी शॉर्ट यांच्या एका समुद्री विमानाने पाणतीर उचलला आणि पाण्यात सोडला. त्याचे वजन सुमारे ३७० किलो होते. विमानाने तो कसाबसा उचलला होता. लगेच महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश आरमाराला या कामासाठी अधिक शक्तिशाली विमान हवे होते. होरेस यांनी ते काम अंगावर घेतले.

त्यांनी २२५ अश्वशक्तीचे इंजिन निवडले. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १९ मीटर ठेवली. जहाजावर मावावे म्हणून पंख मागे दुमडण्याची सोय केली. विमान पाण्यावर तरंगावे म्हणून खाली होडीसारखे दोन पोकळ फ्लोट बसवले. पण फ्लोटना जोडणारे दांडे सरळ असते, तर पाणतिराला जागाच उरली नसती. होरेस यांनी ते दांडे कमानीसारखे वर वाकवले आणि दोन फ्लोटच्या मधोमध पाणतीर टांगला. १९१५ साली पहिले विमान तयार झाले. आरमाराने त्याला १८४ हा क्रमांक दिला होता. पुढे या जातीच्या सर्व विमानांना तेच नाव पडले.

खरी परीक्षा तुर्कस्तानजवळच्या समुद्रात झाली. तिथल्या उन्हात इंजिनाची ताकद कमी पडे. म्हणून सोबतच्या माणसाला मागे ठेवावे लागे आणि इंधनही थोडेच भरावे लागे. १२ ऑगस्ट १९१५ रोजी वैमानिक एडमंड्स यांनी विमानातून पाणतीर सोडून एका तुर्की जहाजावर मारा केला. विमानातून जहाजावर झालेला हा पहिला पाणतीर हल्ला मानला जातो. मात्र पाणबुडीच्या माऱ्यामुळे ते जहाज आधीच उथळ पाण्यात रुतून बसले होते. पाच दिवसांनी दुसरे वैमानिक डेकर यांचे इंजिन बिघडले आणि त्यांना समुद्रावर उतरावे लागले. त्यांनी पाण्यावरूनच एका लहान बोटीवर पाणतीर सोडला. ओझे कमी होताच विमान पुन्हा उडाले.

म्हणजे वजनाची अडचण पुरती सुटली नव्हती. अशी ९०० हून अधिक विमाने बनली. पण त्यांचा जास्त उपयोग टेहळणीसाठी झाला. १९१६ साली इराकमधील कुत या गावी सैन्य वेढ्यात अडकले होते. त्यात पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन होती. तिथे हिंदी सैनिक उपाशी होते. त्यांच्यासाठी याच जातीच्या पाच विमानांनी सामान नेऊन टाकले. पण हजारो माणसांना ते कसे पुरणार? एप्रिलअखेर सैन्याने शरणागती पत्करली.

६ एप्रिल १९१७ रोजी वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी होरेस यांचे निधन झाले. जहाजे बुडवण्यासाठी बनवलेल्या त्यांच्या विमानाने भुकेल्यांसाठी अन्नही वाहून नेले. यंत्र काय उचलू शकेल, हे ते बनवणारा ठरवतो. त्याने काय उचलावे, हे मात्र माणसे ठरवतात.