ऑटो मायरहॉफ

धावण्यास, लिहिण्यास, इतकेच नव्हे तर झोपेत श्वास घेण्यासही शक्ती लागते. ही शक्ती अन्नापासून मिळते, हे माणसाला पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु खाल्लेल्या अन्नातून शरीर ती कशी मिळविते, हे मात्र कोडेच होते. हे कोडे सोडविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत ऑटो मायरहॉफ ह्यांचे स्थान मोठे आहे.

जर्मनीतील हॅनोव्हर शहरी एका ज्यू कुटुंबात १८८४ साली त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने ते दीर्घकाळ अंथरुणास खिळले. खेळण्याबागडण्याच्या त्या वयात त्यांनी ग्रंथांशी मैत्री जोडली. आईने त्यांच्या वाचनास उत्तेजन दिले. पुढे १९०९ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली.

कील येथील विद्यापीठात त्यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग आरंभिले. प्राणवायू नसतानाही स्नायू काही काळ काम करतो. त्या वेळी त्यातील ग्लायकोजेन हा शर्करेचा साठा जेवढा घटतो, तेवढ्याच प्रमाणात दुग्धाम्ल तयार होते, हे त्यांनी काटेकोर मोजमाप करून दाखविले. प्राणवायू मिळताच ते आम्ल नाहीसे होऊ लागते, हेही त्यांना आढळले. ह्या संशोधनाबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक त्यांना व इंग्रज शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल ह्यांना विभागून मिळाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. यीस्टसारखा सूक्ष्म जीव आणि प्राण्याचा स्नायू हे दोघेही शर्करेचे विघटन बहुतांशी एकाच रीतीने करतात, हे त्यांच्या व इतरांच्या परिश्रमांतून उघड झाले. पेशीत ग्लुकोजच्या एका रेणूपासून दहा पायऱ्यांनी दोन लहान रेणू बनतात. मोकळ्या झालेल्या शक्तीचा काही भाग एटीपी नावाच्या पदार्थात साठविला जातो व पेशीच्या कामी येतो. ह्या क्रियेस ग्लायकोलिसिस म्हणतात. एटीपीचा शोध १९२९ साली मायरहॉफ ह्यांच्याच प्रयोगशाळेत कार्ल लोमान ह्यांनी लावला.

परंतु १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू लोकांचा छळ सुरू झाला. ज्या देशाची कीर्ती मायरहॉफ ह्यांनी वाढविली, तोच देश त्यांना परका झाला. १९३८ साली ते पॅरिसला गेले. तेथे कार्य सुरू होते न होते तोच १९४० साली जर्मन सैन्य फ्रान्समध्ये शिरले. पुन्हा सर्वस्व मागे टाकून, पिरेनीज पर्वत ओलांडून ते स्पेनमध्ये उतरले आणि तेथून अमेरिकेस पोहोचले.

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. वयाची छप्पन्न वर्षे उलटलेल्या त्या शास्त्रज्ञाने परक्या भूमीत पुन्हा प्रयोगशाळा मांडली. १९४४ साली हृदयविकाराने गाठले, तरी बरे होताच ते पुन्हा कामास लागले. १९५१ साली त्यांचे निधन झाले.

घर गेले, देश गेला, प्रकृतीनेही साथ दिली नाही. पण सत्याचा शोध त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. आपल्या प्रत्येक हालचालीमागे पेशीत चालणारे कार्य आज आपल्याला समजते, त्यात मायरहॉफ ह्यांच्या चिकाटीचा मोठा वाटा आहे.