मलबिम : पर्यायशब्द नाकारणारा भाष्यकार

हिब्रू बायबलच्या काव्यात एकच आशय दोन चरणांत निराळ्या शब्दांनी येतो, हे इब्न एझ्रा, किम्ही या मध्ययुगीन भाष्यकारांना मान्य होते. रॉबर्ट लाउथने १७५३ मध्ये या समांतर रचनेची मीमांसाही केली. मेइर लाइबुश यांनी मात्र ही धारणा मुळातच नाकारली. १८०९ मध्ये व्होलोचिस्क येथे जन्मलेले हे रब्बी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘मलबिम’ म्हणून ओळखले जातात.

यशयाच्या ग्रंथावरील भाष्यात (१८४९) त्यांनी निव्वळ पुनरुक्ती अमान्य केली : शब्द दोन, तर अर्थही दोन. ‘सिम्हा’ हा अंतःकरणातील आनंद, ‘सासोन’ हे त्याचे बाह्य प्रकटीकरण. ‘होखमा’ हे केवळ तर्काने न गवसणारे, ईश्वरदत्त शहाणपण. ‘बिना’ ही एका गोष्टीवरून दुसरी जाणणारी बुद्धी. लेवीय ग्रंथावरील भाष्याला तर त्यांनी ६१३ नियमांची प्रस्तावना जोडली. या आग्रहामागे व्याकरणापेक्षा मोठी चिंता होती. शब्द केवळ अलंकरणापुरते ठरले, तर त्यांच्या आधारे उभी असलेली मौखिक परंपराही डळमळते. आणि धर्मसुधारकांचा रोख नेमका तिच्यावर होता. त्यांचे काही भेद ओढूनताणून आणलेले वाटतात. १९२९ पासून उगारितच्या मृत्तिकापट्टिकांत तशाच ठरीव शब्दजोड्या आढळल्याने लाउथची बाजू बळावली. तथापि मलबिम यांनी टिपलेल्या सर्वच अर्थच्छटा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत.

बुखारेस्टचे मुख्य रब्बी असताना सधन सुधारणावाद्यांशी त्यांचा उघड संघर्ष झाला. १८६४ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. मोझेस माँटेफिओरे यांच्या मध्यस्थीने सुटका झाली, तीही देश सोडण्याच्या अटीवर. उर्वरित आयुष्य गावोगावी भटकण्यात गेले. १८७९ मध्ये क्रेमेनचुगच्या वाटेवर असताना कीव येथे त्यांचे निधन झाले.