सर जॉन अँब्रोज फ्लेमिंग

जामच्या कोणा घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल, तर त्यातील तांबूस प्रकाश पाहून फ्लेमिंगसाहेबांचे स्मरण व्हावे, असे आम्हांस वाटते. इ. स. १८४९ मध्ये लँकेस्टर येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी ते जन्मले. नोकरी करीत पदवीधर झाले. पुढे केंब्रिजला मॅक्सवेल यांच्यापाशी शिकले. दिव्याच्या तापलेल्या तारेपासून पोकळीतून वीज एकाच दिशेने वाहते, हे त्यांनी अभ्यासिले होते. मार्कोनींच्या बिनतारी यंत्रास संदेश टिपणारे साधन हवे होते. तेव्हा १९०४ साली त्यांनी कपाटातले जुने दिवे काढिले आणि पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला. १९०६ साली अमेरिकेतील डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा ध्रुव घातला, त्यायोगे पुढे आवाज वाढविता आला. श्रेयावरून मोठा वाद माजला; आमच्या मते मूळ मान फ्लेमिंग यांचाच.

ही आतली तार कालांतराने निकामी होते. नवा व्हॉल्व्ह घेताना काचेच्या चकाकीस भुलू नये. क्रमांक व पायांची मांडणी जुळवावी, आणि ध्वनिवर्धकात जोडीने लागणारे दोन्ही व्हॉल्व्ह समान गुणाचे पारखून घ्यावेत.

नवल हे की, जगाला दूरचे ऐकविणारे फ्लेमिंग स्वतः बहिरे झाले होते! १९४५ साली सिडमथ येथे ते निवर्तले.