थिओडोर कुक

भाद्रपद सरू लागला, की सह्याद्रीचे उतार पिवळेधमक दिसू लागतात. ही शोभा सोनकीची. त्याच सुमारास शहरांतील फुलबाजारात गोल्डन रॉडचे पिवळे तुरेही विकावयास येतात. दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील. परंतु बाजारातील गोल्डन रॉड मूळचा उत्तर अमेरिकेतील व येथे लागवडीने आलेला, तर सोनकी ह्याच मातीतील. गोल्डन रॉडची बारीक फुले लांब तुऱ्यावर दाटीने लगडलेली असतात. सोनकीची फुले त्याहून मोठी, सुटी आणि पाकळ्या पसरलेली असतात. हा भेद कोणाच्याही ध्यानात येईल. पण सोनकीशी जवळचे नाते असणाऱ्या इतरही पिवळ्या रानफुलांच्या जाती डोंगरांवर आहेत. त्यांतील कोणती कोणती, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक झाडाचे बारकाईने निरीक्षण करावे लागते व जे दिसले ते अचूक लिहून ठेवावे लागते. पश्चिम भारतातील फुलझाडांसाठी हे काम ज्यांनी केले, ते थिओडोर कुक प्रथम पूल बांधणारे अभियंता होते.

कुक ह्यांचा जन्म १८३६ मध्ये आयर्लंडमधील ट्रॅमोर ह्या गावी झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी गणित, विज्ञान व अभियांत्रिकी ह्यांचा अभ्यास केला. १८६० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या नोकरीत रुजू होऊन हिंदुस्थानात आले.

त्या वेळी मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग बांधला जात होता. आजच्या मिरा-भाईंदर शहराच्या उत्तरेस वसईची विस्तीर्ण खाडी आहे. भाईंदर व नायगाव ह्यांच्या मध्ये पसरलेले हे पाणी ओलांडल्यावाचून गाडी मुंबईस येणे शक्य नव्हते. भरती-ओहोटीचा जोर आणि तळाचा मऊ चिखल ह्यांमुळे तेथे पूल उभारणे कष्टाचे होते. खाडीच्या मध्ये असलेल्या पाणजू बेटाचा आधार घेऊन तेथे लोखंडी पूल उभे राहिले. ह्या बांधकामात कुक ह्यांचा महत्त्वाचा वाटा होता. १८६४ मध्ये हा लोहमार्ग मुंबईपर्यंत येऊन पोहोचला.

पुढल्याच वर्षी कुक पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ही संस्था पुढे कॉलेज ऑफ सायन्स ह्या नावाने प्रसिद्धीस आली. तेथे अभियांत्रिकीबरोबर शेती व वनविद्या हे विषयही शिकवले जाऊ लागले. १८९३ पर्यंत सुमारे अठ्ठावीस वर्षे त्यांनी ही संस्था सांभाळली. ह्याच काळात त्यांना वनस्पतींचा छंद जडला आणि तो हळूहळू जीवनकार्य बनला.

त्यांच्यापूर्वी ह्या प्रदेशातील झाडांची नोंद कोणी केलीच नव्हती, असे नाही. मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम ह्यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली होती. १८३९ मध्ये ती छापली जात असतानाच खंडाळ्यास त्यांचा अंत झाला व उरलेले काम त्यांच्या स्नेह्याने पुरे केले. १८६१ मध्ये डॅल्झेल व गिब्सन ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु हाती आलेले रानफूल नेमके कोणते, हे निश्चित ठरवण्यास ह्या ग्रंथांतील त्रोटक वर्णने पुष्कळदा अपुरी पडत. एकाच झाडास दोन नावे मिळत, तर कधी दोन निराळी झाडे एकाच नावाखाली येत. औषधासाठी अथवा चाऱ्यासाठी वनस्पती वापरावयाची असेल, तर असा घोटाळा चालत नाही.

१८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि पश्चिम भारताचे काम कुक ह्यांच्याकडे आले. पुण्यात वनस्पतींचा संग्रह वाढू लागला. डोंगरांतून झाडे आणावी, ती कागदांत दाबून वाळवावी, ताडपत्रासारख्या जाड कागदावर चिकटवावी आणि स्थळ, दिवस व आणणाऱ्याचे नाव खाली लिहावे, असे हे चिकाटीचे काम होते. त्यात एतद्देशीय संग्राहकांचे साहाय्य मोलाचे ठरले. कानिटकर, रानडे अशी मराठी नावे त्या काळच्या वनस्पतिनोंदींत आढळतात. रानडे ह्यांच्या नावावरून तर सह्याद्रीतील एका दुर्मिळ फुलझाडाचे शास्त्रीय नाव अबुटिलॉन रानडेई असे ठेवले गेले.

१८९३ मध्ये कुक निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. पण त्यांनी विश्रांती घेतली नाही. लंडनजवळील क्यू येथे जगप्रसिद्ध वनस्पति-उद्यान व वाळवलेल्या वनस्पतींचा अफाट संग्रह आहे. तेथे बसून त्यांनी हिंदुस्थानातून आलेला एकेक नमुना तपासावयास घेतला. सोनकीसारखे फूल तपासणे म्हणजे खरी कसोटी! तिचे जे एक फूल भासते, तो वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. कडेची फुले निराळी, मधली निराळी. पानांची कड, पुष्पगुच्छाखालची हिरवी छदे, फळांवरील लव, बीज वाऱ्यावर नेणारा केसांचा झुबका, असे सारे भिंगाखाली पाहावे, तेव्हा कोठे जातीचा निर्णय होतो.

हे काम ग्रंथरूपाने १९०१ ते १९०८ ह्या काळात क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाले. सिंधपासून उत्तर कानड्यापर्यंतच्या त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील फुलझाडांचे वर्णन त्यात आले. झाड कसे दिसते, ते कोठे उगवते, कोणत्या महिन्यांत फुलते, लोक त्यास काय म्हणतात, हे त्यात दिले आहे. ज्याचा नमुना स्वतः पाहिला, त्याच्या संग्राहकाच्या नावापुढे कुक उद्गारचिन्ह देत. पाहिलेले कोणते आणि ऐकीव कोणते, हे वाचकास एका लहानशा खुणेवरून कळे.

ग्रंथ पुरा झाल्यानंतर दोनच वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९१० रोजी, क्यू येथे कुक ह्यांचे निधन झाले.

त्यानंतर शास्त्र पुढे गेले. अनेक वनस्पतींची नावे बदलली. सोनकीस ग्रॅहम ह्यांच्या स्मरणार्थ दिलेले शास्त्रीय नाव पूर्वीच दुसऱ्या एका वनस्पतीस दिलेले असल्याचे ध्यानात आले; म्हणून तिला मुंबईवरून नवे नाव मिळाले. तरीही कुक ह्यांचा ग्रंथ मागे पडला नाही. १९५८ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो पुन्हा छापला आणि आजही महाराष्ट्रातील वनस्पतींचा अभ्यास करणारे तो उघडतात. नाव बदलले, तरी डोळ्यांनी नीट पाहून केलेले वर्णन बदलावे लागत नाही. खाडीवर पूल उभारताना एकही खिळा अंदाजाने ठोकून चालत नाही. फुलांची ओळख करून देतानाही कुक ह्यांनी तीच शिस्त पाळली.