रेने लुई बेर

रेने लुई बेर (२१ जानेवारी, इ.स. १८७४:पॅरिस, फ्रान्स - ५ जुलै, इ.स. १९३२:शांबेरी, फ्रान्स) हे एक फ्रेंच गणितज्ञ होते. असंतत फलनांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. बेर वर्ग, बेर अवकाश व बेर प्रमेय या संज्ञा त्यांच्या नावावरून रूढ झाल्या आहेत.

शिक्षण

बेर यांचे वडील शिंपी होते व घरची परिस्थिती बेताची होती. इ.स. १८८६ मध्ये पॅरिस शहराची शिष्यवृत्ती मिळाल्याने त्यांना लाकानाल विद्यालयात शिकता आले. पुढे एकोल पॉलितेक्निक व एकोल नॉर्माल सुपेरियर या दोन्ही संस्थांच्या प्रवेश परीक्षा ते उत्तीर्ण झाले आणि त्यांनी दुसरी संस्था निवडली. अध्यापकपदाच्या स्पर्धा परीक्षेत लेखी भागात त्यांचा पहिला क्रमांक आला. मात्र तोंडी परीक्षेत घातांकी फलनाचे सातत्य सिद्ध करताना, विद्यालयात पाठ केलेली सिद्धता फलनाच्या मूळ व्याख्येवर पुरेशी आधारलेली नाही, हे त्यांच्या लक्षात आले. या परीक्षेत त्यांना कमी गुण मिळाले. परंतु तेव्हापासून सातत्याच्या संकल्पनेचा त्यांनी मुळापासून विचार सुरू केला.

कार्य

बार-ल-द्युक येथील विद्यालयात शिकवत असताना बेर यांनी असंतत फलनांवर संशोधन केले. इ.स. १८९९ मध्ये त्यांनी वास्तव चलांच्या फलनांवरील डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. इटलीतील वास्तव्यात त्यांचा व्हितो व्होल्तेरा यांच्याशी परिचय झाला होता.

फलन एखाद्या बिंदूपाशी किती असंतत आहे, हे ‘आंदोलना’ने मोजता येते. बिंदूभोवती लहानलहान होत जाणारे परिसर घ्यावेत व प्रत्येक परिसरातील फलनाच्या मूल्यांमधील कमाल अंतर पाहावे. हे अंतर ज्या सीमेकडे जाते, ते त्या बिंदूपाशी फलनाचे आंदोलन होय. आंदोलन शून्य असेल तरच फलन तेथे संतत असते. ऋण संख्यांसाठी ० व इतर संख्यांसाठी १ हे मूल्य घेणाऱ्या फलनाचे आंदोलन शून्यापाशी १ व अन्यत्र ० असते. परिमेय संख्यांवर १ व अपरिमेय संख्यांवर ० मूल्य घेणाऱ्या दिरिक्ले फलनाचे आंदोलन सर्वत्र १ असते. अंतराची कल्पना जेथे आहे अशा कोणत्याही दूरिक अवकाशांमधील फलनांना ही व्याख्या लागू पडते.

आंदोलन १, १/२, १/३ इत्यादींपेक्षा कमी असलेल्या बिंदूंचे संच विवृत असतात. त्या सर्वांचा छेद म्हणजे सातत्यबिंदूंचा संच. बेर प्रमेयानुसार वास्तव रेषेवरील गणनीय इतक्या सर्वत्र-घन विवृत संचांचा छेदही सर्वत्र घन असतो. त्यामुळे केवळ परिमेय बिंदूंपाशी संतत असलेले फलन अस्तित्वात असू शकत नाही. हा निष्कर्ष व्होल्तेरा यांनी इ.स. १८८१ मध्ये वेगळ्या मार्गाने काढला होता.

संतत फलनांच्या क्रमिकांच्या बिंदुशः सीमांना बेर यांनी पहिल्या वर्गात ठेवले, त्या वर्गातील फलनांच्या सीमांपासून दुसरा वर्ग केला व हीच रचना पुढे नेली. दिरिक्ले फलन दुसऱ्या वर्गात येते. अर्धसंतत फलनांची संकल्पनाही त्यांचीच आहे. इ.स. १९०४ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये त्यांनी दिलेली व्याख्याने पुढील वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

अखेरची वर्षे

बेर यांची प्रकृती तरुणपणापासून नाजूक होती. मोंपेल्ये व त्यानंतर दिजों येथील विद्यापीठांत अध्यापन करताना आजारपणामुळे त्यांच्या कामात वारंवार खंड पडला. इ.स. १९१४ मध्ये रजेवर असताना ते लोझानला गेले व पहिले महायुद्ध सुरू झाल्यामुळे स्वित्झर्लंडमध्येच राहिले. त्यानंतर ते अध्यापनाकडे परतले नाहीत. इ.स. १९२२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना पत्रव्यवहारी सदस्य म्हणून निवडले व इ.स. १९२५ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. त्यांचे प्रमुख संशोधन साधारण दहा वर्षांत सामावलेले असले, तरी संपूर्ण दूरिक अवकाशांपर्यंत विस्तारलेले त्यांचे प्रमेय फलनीय विश्लेषणातील अनेक मूलभूत सिद्धांतांचा आधार ठरले आहे.